विमानप्रवास सुखाचा होतो तो कशाने?

मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेली घरे आता तालुक्याच्या गावीही सापडतात. त्यामुळे "डॉक्टर, विमानात बसलो तर चालेल ना?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. मी त्यांना उलट विचारतो, "विमान कोणते आहे?" यावर बहुतेक जण कंपनीचे नाव सांगतात. मला कंपनीचे नाव नको असते, विमानाची जात हवी असते. एस.टी.ची साधी गाडी आणि शिवनेरी यांतला फरक डोळ्यांना दिसतो. विमानांतला खरा फरक मात्र दिसत नाही, कारण तो आतल्या हवेत असतो.

जेट विमान साधारणपणे 35 हजार फुटांवरून उडते. तिथली हवा इतकी विरळ असते की उघड्यावर माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरतात. पण ती जमिनीवर असते तितकी दाट ठेवत नाहीत. नियमाप्रमाणे आतला दाब 8 हजार फूट उंचीवरच्या हवेइतका कमी झालेला चालतो. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे 5,400 फूट आहे. म्हणजे प्रवासी खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंचीवर गेलेला असतो, आणि अमेरिकेला थेट जायचे तर पंधरा-सोळा तास तिथेच राहतो.

हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच असते, 21 टक्के. पण दाब कमी असल्याने फुप्फुसाला तो जमिनीवरच्या 15 टक्क्यांइतकाच मिळतो. 2020 च्या कोरोनाच्या साथीत घरोघर आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहिला, तर निरोगी माणसाचा 97-98 चा आकडा 93 च्या आसपास उतरलेला दिसेल. धडधाकट माणसाला याने काही होत नाही. थोडे डोके जड होते, एवढेच. पण ज्यांचा आकडा जमिनीवरच 92 आहे, त्यांचे काय?

मग विमानात जमिनीइतकाच दाब का ठेवत नाहीत? कारण प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग फुग्यासारखे किंचित ताणले जाते आणि उतरताना सैल पडते. हजारो वेळा असे झाले की धातू थकतो. इंग्रजांची कॉमेट ही पहिली जेट प्रवासी विमाने. त्यांतली दोन 1954 साली याच कारणाने आकाशात फुटली. आत दाब जास्त ठेवायचा तर अंग अधिक जाड व जड करावे लागते, आणि जड विमान इंधन जास्त खाते.

ही अडचण नव्या पदार्थाने बरीच सोडवली. बोइंग 787, ज्याला ड्रीमलायनर म्हणतात, आणि एअरबस 350 यांची अंगे मुख्यतः कार्बनच्या तंतूंची आहेत. हा पदार्थ ताणाने लवकर थकत नाही. त्यामुळे या विमानांत आतला दाब 6 हजार फुटांच्या खाली जाऊ देत नाहीत; कळसूबाईहून थोडेच वर. दोन हजार फुटांनी काय फरक पडतो, असे वाटेल. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 502 स्वयंसेवकांना वीस तास बंद खोलीत बसवून, वेगवेगळ्या उंचीचा दाब देऊन पाहिले गेले. 8 हजार फुटांवर रक्तातला प्राणवायू सुमारे साडेचार अंकांनी उतरला. 7 ते 8 हजार फुटांवर तीन तासांनंतर अंगदुखी, थकवा यांच्या तक्रारी वाढल्या. खर्च बोइंगने केला होता हे खरे, पण हे निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतात.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. सामान्य विमानात हवेचा ओलावा 10 ते 20 टक्के असतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारीसारखी कोरडी हवा. नाक, घसा, डोळे सुकतात. धातूच्या विमानात ओलावा वाढवला तर गंज चढतो. कार्बनला गंज नाही, म्हणून या विमानांत हवा जरा ओलसर ठेवता येते. पंधरा तासांनी उतरल्यावर माणूस चिपाडासारखा दिसत नाही, त्याचे श्रेय बरेचसे याला आहे.

12 जून 2025 रोजी अहमदाबादला ड्रीमलायनरच कोसळले, हे वाचकांच्या मनात येणारच. त्या अपघाताविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बोलतो आहे ते फक्त शरीराच्या सोयीबद्दल. आणि दिसायला मला आजही जुने जम्बो जेटच आवडते, ते वेगळे!

आवाजाच्या बाबतीत दुमजली एअरबस 380 ला तोड नाही. सतत घोंघावणारा आवाज माणसाला नकळत थकवतो, आणि कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर सूचनाच समजत नाहीत. बसण्याच्या दृष्टीने नवरा-बायको दोघेच असतील तर एअरबस 330 उत्तम. तिच्यात खिडकीकडे दोन-दोनच खुर्च्या असतात. लघवीला उठताना परक्या माणसाच्या गुडघ्यांवरून जावे लागत नाही, म्हणून आजीबाई पाणी पिणे टाळत नाहीत. हे वाटते तितके किरकोळ नाही. पाणी कमी, हालचाल नाही आणि पाय लोंबते, अशाने पिंढरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाला, एवढाच. घाबरू नये, पण दर दोन तासांनी उठून मधल्या वाटेने एक फेरी मारावी आणि बसल्या जागी पावले वरखाली करावीत.

कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग अशा विमानतळांवर येणारी एटीआर 72 ही पंख्यांची विमाने कमी उंचीवरून जातात आणि प्रवासही तासा-दीड तासाचा, त्यामुळे प्राणवायूची काळजी कमी. पंख्यांचा आवाज पुढे जास्त असतो. मागची खुर्ची घ्यावी. कानात दडा मात्र त्यांतही बसतो, आणि तो चढताना कमी, उतरताना जास्त. गिळल्याने कानाची नळी उघडते, म्हणून उतरण्याच्या वेळी लहान मुलाला अंगावर पाजावे, मोठ्यांनी गोळी चघळावी. सर्दीने नाक चोंदले असेल तर प्रवास पुढे ढकललेला बरा.

आता विमान कितीही चांगले असले तरी विचारल्याशिवाय जाऊ नये, असे काही लोक. विरळ हवेत बंद जागेतला वायू फुगतो. 8 हजार फुटांवर तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. चिप्सचे पाकीट टम्म होते ते यामुळेच. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, तर तो फुगून दृष्टी कायमची जाऊ शकते. साध्या मोतीबिंदूला ही भीती नाही. पोटाचे नुकतेच ऑपरेशन झालेले, फुप्फुसाभोवती हवा साठलेले, यांचेही तसेच. हिमोग्लोबिन साडेसात-आठच्या खाली असेल तर आधी ते वाढवावे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. प्राणवायू कमी पडला की त्यांच्या रक्तपेशी वाकतात आणि वेदनांचा झटका येऊ शकतो. नुसते वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही.

बिडीने किंवा चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे खराब झाली आहेत, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी भेटावे. सपाट रस्त्यावर पन्नास पावलांत धाप लागत असेल तर विमानात प्राणवायू लागण्याची शक्यता धरावी. तो कंपनीला काही दिवस आधी कळवावा लागतो, आणि त्यासाठीचा फॉर्म डॉक्टरने भरायचा असतो. इन्सुलिन सामानाच्या डब्यात देऊ नये, तिथे ते गोठू शकते. हातातल्या पिशवीत ठेवावे. विमानाची जात तिकीट काढतानाच कळते: 788 किंवा 789 म्हणजे ड्रीमलायनर, 359 म्हणजे एअरबस 350. ऐनवेळी विमान बदलू शकते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाला पुन्हा एकदा पाहायला सांगावे.