उपकारांची दहशत

१९९५-९६ मध्ये सीबीएस वाहिनीवर एकच हंगाम चाललेली ‘अमेरिकन गॉथिक’ ही मालिका दक्षिण कॅरोलायनातल्या ट्रिनिटी या काल्पनिक गावात घडते. तिथला शेरीफ लूकस बक पहिल्याच भागात मर्लिनचा जीव घेतो. तिचा लहान भाऊ केलेब त्याला आपल्या कह्यात हवा असतो. मर्लिनचे भूत येते ते भावाच्या रक्षणासाठी. म्हणजे भय भुताचे नाहीच. बक अडलेल्यांची कामे करतो आणि पुढे कधीतरी मोबदला वसूल करतो. माझ्या मते खरे भय या उपकारांच्या ओझ्याचे आहे. ते भागागणिक साचत जाते. वाहिनीने मात्र भागांचा क्रम बदलला आणि २२ पैकी ४ भाग त्या वेळी दाखवलेच नाहीत. साचत आलेली भीती तिथेच विखुरली.