३८४ चा आकडा आणि म्हैसूरजवळची दोन गावं

एमबीएच्या प्रकल्प अहवालांच्या ढिगातून कुठलाही एक उचला. तिसऱ्या प्रकरणात ‘नमुन्याचा आकार : ३८४’ अशी ओळ सापडण्याची शक्यता बरीच आहे. विषय कोल्हापुरातल्या दुचाकींचा असो की नाशिकच्या मॉलमधल्या खरेदीचा, आकडा तोच. का, म्हणून विचारलं तर ‘गाइडनी सांगितलं’ किंवा ‘सीनियरच्या ब्लॅक बुकात होतं’ असं उत्तर येतं.

संशोधन पद्धती हा विषय आपल्याकडे असाच शिकला जातो. आधी फॉर्म, मग एसपीएसएस, मग पाय चार्ट आणि शेवटी बाइंडिंग. गैरसमज इथूनच सुरू होतात. ते दूर करायला अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांकडे धावायची गरज नाही. म्हैसूर शहर आणि त्याच्या पन्नासेक किलोमीटरच्या परिसरात यातल्या बहुतेकांची उत्तरं मिळतात.

“सँपल मोठं घेतलं की झालं”

आधी त्या ३८४ चा हिशेब. विश्वासपातळी ९५ टक्के, चुकीची मर्यादा ५ टक्के आणि लोकांची मतं निम्मी-निम्मी विभागलेली आहेत असं धरायचं. मग १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये या गणिताचा तयार तक्ता छापला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांचं काम सोपं केलं. जरा जास्तच सोपं. कारण या सूत्रामागची अट तक्त्याच्या रकान्यांत दिसत नाही : समूहातल्या प्रत्येकाला नमुन्यात येण्याची समान संधी हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला आणि ३८४ जणांनी भरला, तर ते तुमचे मित्र आणि मित्रांचे मित्र असतात. त्यांच्या उत्तरांना ‘५ टक्के चूक’ हे लेबल लावता येत नाही. चूक ३ टक्के असेल नाहीतर ३०, ते सूत्राला कळतच नाही.

समूह मोठा म्हणून नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा, हाही एक भ्रम. दहा लाखांच्या शहरासाठी तक्ता ३८४ सांगतो आणि अकरा कोटींहून मोठ्या महाराष्ट्रासाठीही तेवढेच पुरतात. चूक मात्र ५ वरून अडीच टक्क्यांवर आणायची असेल तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो.

मोठा नमुना कुठली चूक कमी करतो आणि कुठली करत नाही, हे दाखवून देणारा संख्याशास्त्रज्ञ आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० च्या दशकात पिकाचा उतारा मोजण्यासाठी शेतात छोटे तुकडे आखून तेवढंच पीक कापण्याची रीत होती. बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पाहण्यांत अगदी लहान तुकडे वापरले जात. लहान म्हणजे स्वस्त, म्हणून पुष्कळ घेता येत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान, तितका उतारा वाढीव येतो. सीमारेषेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने सीमा जास्त असते. असे तुकडे शंभराऐवजी हजार घेतले तरी सगळ्यांची चूक एकाच दिशेला. फरक एवढाच, की चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

आता समजा, म्हैसूरच्या देवराज मार्केटमध्ये गिऱ्हाइकांचा अभ्यास करायचा आहे. गिऱ्हाइकांची यादी कुठेच नसते, मग खरा यादृच्छिक नमुना आणणार कुठून? तरी हात टेकायचं कारण नाही. बाजाराची सगळी प्रवेशद्वारं, आठवड्याचे वेगवेगळे वार, सकाळ आणि संध्याकाळ यांची आधीच वाटणी करायची, प्रत्येक दारात दर दहाव्या माणसाला थांबवायचं आणि ‘वेळ नाही’ म्हणून पुढे गेलेल्यांचीही मोजदाद ठेवायची. असे दीडशे जण दुपारी एकाच फुलवाल्यापाशी गाठलेल्या पाचशे जणांपेक्षा जास्त काही सांगतात. नकार देणाऱ्यांचा आकडा अहवालात छापलेला मी क्वचितच पाहिलाय.

“गृहीतक सिद्ध झालं नाही, म्हणजे प्रोजेक्ट फसला”

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. याच्याच धास्तीने आकडे ‘जुळवले’ जातात.

१९५४ मध्ये स्कार्लेट एप्स्टाइन नावाची तरुण संशोधिका मँचेस्टरहून म्हैसूर संस्थानच्या जुन्या मुलखात आली. मूळची व्हिएन्नाची, नाझींमुळे देश सोडावा लागलेली, अर्थशास्त्र शिकून मानवशास्त्राकडे वळलेली. तिने मंड्या भागातली दोन गावं निवडली आणि पुस्तकात त्यांना वंगला आणि दलेना अशी टोपणनावं दिली. दोन्ही गावं एकाच प्रदेशातली, भाषा एक, प्रमुख शेतकरी जात एक. फरक पाण्याचा. कृष्णराजसागर धरणातून निघालेल्या विश्वेश्वरय्या कालव्याचं पाणी वंगलाच्या शेतांत पोचलं. दलेनाची जमीन उंचावर, ती कोरडीच राहिली.

आता सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा : कोणतं गाव जास्त बदललं असेल? पाणी आलं, ऊस आला, मंड्याच्या साखर कारखान्याचा पैसा आला, तेव्हा वंगलाच. एप्स्टाइनला दिसलं ते उलटं. वंगलात पैसा खूप आला, पण लोक शेतकरीच राहिले. उसाला मजूर लागत होते, त्यामुळे शेतकरी आणि दलित मजूर कुटुंबांमधले पिढीजात बांधलेले संबंधही टिकले. दलेनाला घरबसल्या काहीच मिळत नव्हतं. तिथली माणसं बाहेर पडली. कुणी मंड्यात नोकरी धरली, कुणी गुरांच्या व्यापारात शिरलं, कुणी गिरणी टाकली, कुणी दुसऱ्या गावात पाण्याखालची जमीन घेतली. जुनी सामाजिक चौकट मोडली ती या कोरड्या गावात.

हे १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि आजही वाचलं जातं. वाचलं जातं ते सहज सुचणारा अंदाज खोटा ठरला म्हणूनच. व्यवसायाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट उचलावी, ती निवडीची. दोन गावं बऱ्याच बाबतींत सारखी आणि एका बाबतीत वेगळी निवडली, म्हणून पाण्याच्या परिणामाबद्दल काही बोलता आलं. नुसतं वंगला पाहिलं असतं, तर ‘पाण्याने समृद्धी येते’ एवढंच हाती लागलं असतं. आपल्याकडचे निम्मे प्रकल्प हे फक्त वंगला पाहिलेले असतात : जाहिरातीनंतर विक्री वाढली, म्हणून जाहिरातीने विक्री वाढली. जाहिरात नसलेल्या भागात त्या काळात काय झालं?

म्हैसूरमध्ये दसऱ्याच्या दिवसांत हॉटेलांच्या खोल्या भरतात आणि रेशमी साड्यांची विक्रीही चढते. दोन्हींचा सहसंबंध काढाल तर दणदणीत येईल. त्यावरून खोल्या वाढवल्या की साड्या खपतील, असं कुणी म्हणणार नाही, कारण मधला दसरा सगळ्यांना दिसतो. तुमच्या आकडेवारीतला ‘दसरा’ तुम्हाला दिसेलच, याची मात्र खात्री नाही.

आणि ते पी-व्हॅल्यूचं प्रकरण. ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे ‘गृहीतक खरं असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं तोंडी परीक्षेत सर्रास सांगितलं जातं. तसा अर्थ नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, इतकंच ती सांगते. वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय या पाचांना दहा विधानांशी जोडून पन्नास चाचण्या केल्या, तर कुठेच काही नसतानाही दोन-तीन तरी ‘सिग्निफिकंट’ निघणं अपेक्षित आहे. मग त्याच दोन-तीनांवर निष्कर्षाचं प्रकरण उभं राहतं.

“प्रयोग करायला प्रयोगशाळा लागते”

म्हैसूरमध्ये १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. चव, वास, पोत यांचं मोजमाप हा अन्नशास्त्राचा रीतसर भाग आहे आणि त्यातली एक चाचणी कुठल्याही वसतिगृहाच्या मेसमध्ये करता येते. समजा, म्हैसूरपाकात तुपाचं प्रमाण थोडं कमी केलं तर गिऱ्हाइकाला कळेल का, हा प्रश्न आहे. ‘आवडलं का?’ म्हणून विचाराल तर सभ्य माणूस ‘छान आहे’ म्हणणार. त्याऐवजी तीन तुकडे द्या, दोन एकाच घाण्यातले आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. निव्वळ अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणजे तीस जणांत दहांनी ओळखलं तर फरक कळत असल्याचा पुरावा नाही. पंधरा किंवा जास्त जणांनी ओळखलं तर फरक जाणवतोय असं म्हणायला आधार आहे. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. पन्नास प्रश्नांच्या फॉर्मला जे कळत नाही, ते इथे एका दुपारीत कळतं.

“आकडा आहे, म्हणजे मोजमाप झालं”

२०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूर देशात पहिलं आलं. २०१७ मध्ये इंदूर पहिलं, म्हैसूर पाचवं. वर्षभरात म्हैसूर घाण झालं का? २०१६ ला स्पर्धेत ७३ शहरं होती, २०१७ ला ४३४. क्रमांक हा इतरांच्या तुलनेत ठरतो. त्यावरून तुमची स्वतःची वाटचाल कळत नाही. ‘ब्रँड तिसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर घसरला’ असं लिहिण्याआधी यादीत कोण नवं आलं ते पाहावं.

क्रॉनबॅक अल्फा ०.७ च्या वर आला म्हणजे प्रश्नावली ‘प्रमाणित’ झाली, हाही याच जातीचा समज. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत. ते सगळे मिळून भलतंच काहीतरी सुसंगतपणे मोजत असू शकतात.

“मुलाखती आणि निरीक्षण म्हणजे गप्पा”

एम. एन. श्रीनिवास यांचा जन्म म्हैसूरचा, १९१६ चा. महाराजा कॉलेजात शिकून ते मुंबईला आले आणि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचं संशोधन केलं. पुढे ऑक्सफर्डला गेले, आणि १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. त्या खेड्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिलं. नमुन्याचा आकार : एक गाव. त्या एका गावाच्या अभ्यासाने ‘प्रभावी जात’ ही कल्पना घट्ट पायावर उभी केली. आज रोज वर्तमानपत्रात दिसणारा ‘व्होट बँक’ हा शब्दही १९५० च्या दशकातल्या त्यांच्या म्हैसूरच्या खेड्यावरील लेखनातून रूढ झाला, असं मानलं जातं.

किती टक्के, हा प्रश्न असेल तर सर्वेक्षण लागतं. असं का आणि कसं, हा प्रश्न असेल तर माणसांजवळ बसावं लागतं. एप्स्टाइननेही दोन्ही केलं : गावात राहिली आणि कुटुंबांच्या जमाखर्चाचे आकडेही गोळा केले. पुढे याच अनुभवी बाईंनी स्थानिक संस्कृतीला धरून बाजार-संशोधन कसं करावं, याची एक मार्गदर्शिका १९८८ मध्ये लिहिली. व्यवस्थापनाच्या किती ग्रंथालयांत ती असेल, शंकाच आहे.

श्रीनिवासांच्या टिपणांची कथा विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावी. एप्रिल १९७० मध्ये ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला असताना त्यांचं ऑफिस जाळपोळीत सापडलं. रामपुऱ्याच्या, वर्षानुवर्षं नीट लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या, तिन्ही गेल्या. कच्ची मूळ टिपणं दिल्लीत होती म्हणून ती वाचली. पण पुस्तक त्यांनी मुख्यतः आठवणीवर लिहिलं आणि १९७६ मध्ये ते छापलं गेलं. एकाच पेनड्राइव्हवर सगळा डेटा ठेवणाऱ्यांसाठी यापेक्षा वेगळा सल्ला नको.

“मर्यादांचं पान काय, शेवटी टाकायचं”

‘वेळ आणि पैशाअभावी नमुना मर्यादित ठेवावा लागला.’ हे वाक्य ब्लॅक बुकातून ब्लॅक बुकात उतरत आलंय. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. श्रीनिवासांनी आपलं पुस्तक स्मरणावर उभं आहे हे लपवलं नाही. उलट शीर्षकातच सांगून टाकलं. शिवाय आपण ब्राह्मण, मुक्काम गावच्या मुख्याच्या जागेत, त्यामुळे बायकांच्या आणि दलितांच्या जगात आपल्याला फारसा शिरकाव मिळाला नाही, हेही त्यांनी मोकळेपणी लिहिलं. त्यामुळे पुस्तकाची किंमत कमी झाली नाही. कुठलं वाक्य किती भरवशाचं, हे वाचणाऱ्याला ठरवता आलं.

तुमच्या अहवालातलं ते पान असंच लिहा. फॉर्म कुणाला पाठवला, किती जणांनी भरला नाही, कुठल्या वारी आणि कुठल्या वेळी बाजारात उभे होतात, कुठल्या भाषेत विचारलंत, आणि कुणापर्यंत पोचताच आलं नाही. नमुना ३८४ चा नसून १४० चा असेल तर १४० लिहा. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न आला, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.