१५ किलोचा डबा कमरेला किती जड पडतो?

वाण्याच्या दुकानात तेलाचा १५ किलोचा डबा जमिनीवर ठेवलेला असतो. दिवाळीची गडबड असते, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. आपण कमरेतून वाकतो, हात लांब करून कडी धरतो आणि डबा उचलतो. उसण भरायला एवढं पुरतं.

त्या क्षणी डबा कमरेच्या मणक्यांपासून साधारण ४० सेंटीमीटर पुढे असतो. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यांच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. सी-सॉच्या लांब टोकाला मूल बसलं आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला टेकूला अगदी चिकटून बसावं लागलं, तर त्याला कितीतरी जास्त जोर लावावा लागेल. इथे तो आठपट लागतो. १५ किलोसाठी स्नायू १२० किलोच्या जोराने ओढतात, आणि ती ओढ, डब्याचं वजन, वाकलेल्या धडाचा भार हे सगळं मणक्यांमधल्या चकत्यांवर येतं. धडाचा भार तर हात रिकामे असले तरी असतोच. म्हणून रांगोळीची पुडी उचलतानाही कंबर धरू शकते.

जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत बारीक दाबमापक बसवून हे प्रत्यक्ष मोजलं. त्यांचे आकडे १९९९ साली प्रसिद्ध झाले. नुसतं उभं असताना चकतीतला दाब ०.५ मेगापास्कल होता. २० किलोचं ओझं पाठ गोल करून उचलताना तो २.३ झाला, गुडघ्यांत वाकून उचलताना १.७, आणि तेच ओझं अंगालगत धरून उभं राहिल्यावर १.१. वजन बदललं नाही, फक्त ते धरायची रीत बदलली. डब्याच्या अगदी जवळ जावं, तो दोन पायांच्या मध्ये घ्यावा, गुडघ्यांत वाकावं, डबा पोटाशी धरावा आणि मग उठावं. वळायचं असेल तर पाऊल वळवावं, कंबर पिळू नये. शक्य असेल तर डबा घरपोचच मागवावा किंवा त्याऐवजी ५ लिटरचे कॅन घ्यावेत. त्यात कसलाही कमीपणा नाही.

पिशव्यांचं गणित वेगळं आहे. एका हातात जड पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, असे चालणारे लोक तुळशीबागेत पावलोपावली दिसतात. उजवीकडे ओझं असलं की धड उजवीकडे कलू नये म्हणून डाव्या बाजूचे स्नायू सतत ताणून राहतात, आणि त्यांचाही दाब मणक्यांवरच पडतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात हे तपासलं, तेव्हा एका हातात ३० किलो घेऊन चालताना कण्यावर जो भार आला, तो दोन्ही हातांत तीस-तीस किलो घेतल्यावर आला त्याहून जास्त होता. ओझं दुप्पट असूनही समतोलामुळे कण्यावरचा भार कमी झाला. म्हणून एका मोठ्या पिशवीऐवजी दोन सारख्या पिशव्या न्याव्यात. पाठीवरची सॅक त्याहून बरी, पण दोन्ही पट्टे खांद्यांवर हवेत. आणि खरेदीचा क्रमही ठरवून घ्यावा: कपडे, आकाशकंदील आधी, रवा, बेसन, पणत्या अगदी शेवटी.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते साडीच्या दुकानातल्या गादीवर. मांडी घालून, पुढे झुकून, पदर निरखत तासभर बसलं की पाठीचे अस्थिबंध हळूहळू ताणले जाऊन सैल पडतात. उठल्याबरोबर ते पूर्ववत होत नाहीत, त्याला वेळ लागतो. आणि आपण नेमके त्याच वेळी खाली वाकून सगळ्या पिशव्या एका झटक्यात उचलतो. मला हा क्षण डबा उचलण्याहून धोक्याचा वाटतो, कारण इथे कुणी सावधच नसतं. उठल्यावर बिल होईपर्यंत सरळ उभं राहावं, चार पावलं चालावं, मग पिशव्यांना हात घालावा. ज्येष्ठांसाठी स्टूल मागून घ्यावं, दुकानदार देतात.

काउंटरवर ताटकळताना एक पाय पायरीवर टेकवावा आणि थोड्या वेळाने पाय बदलावा. स्कूटरवर मागे बसून मांडीवर ओझं घेऊ नये. खड्ड्यातला प्रत्येक दणका बसल्या जागी कमरेला लागतो.

एवढं करूनही चमक भरलीच तर अंथरुणाला खिळून राहू नये. एखादा दिवस आराम करावा, गरम शेक घ्यावा, पण झेपेल तसं घरातल्या घरात हिंडतं राहावं. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. कळ पायातून खाली उतरत असेल किंवा पाऊल बधिर झालं, तर डॉक्टरांना दाखवावं. पाऊल उचलेनासं झालं, जांघेत मुंग्या आल्या किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र सण असला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे दाबल्या गेलेल्या नसा मोकळ्या करायला तासांचा हिशेब असतो.