नेवरी

मैद्याच्या वा रव्याच्या पारीत गोड सारण भरून तळलेले अर्धचंद्राकृती पक्वान्न. चिपळूण व आसपासच्या भागात यास करंजी म्हणतात व ते मुख्यत्वे गणेशोत्सवात आणि दिवाळीत करतात. दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यात त्याचेच नाव नेवरी असून तेथे हिंदू घरांत ती चतुर्थीला, तर कॅथलिक घरांत नाताळात होते. वसई व मंगळूर येथील ख्रिस्ती समाजांतही ती रूढ आहे.

नाताळात मसाले व सुका मेवा भरलेले पक्वान्न करण्याची चाल यूरोपातही जुनी आहे. इंग्लंडमधील मिन्स पाय या पदार्थात मध्ययुगात बारीक चिरलेले मांस, मनुका, दालचिनी, लवंग व जायफळ यांचे मिश्रण असे. पुढे मांस गळाले व चरबी तेवढी उरली. हा पदार्थ भट्टीत भाजतात. पोर्तुगालमधील अझेव्हिया मात्र नेवरीप्रमाणे अर्धचंद्राकृती व तळलेली असते. तिच्यात पांढऱ्या हरभऱ्यांचे वा रताळ्याचे गोड पुरण घालतात. एवढ्या साम्यावरून नेवरी पोर्तुगीज ठरत नाही. नारळाचे सारण आणि नैवेद्यातील तिचे स्थान पाहता ती एतद्देशीयच मानावी लागते. गोव्यातील इंक्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने ख्रिस्ती झालेल्यांच्या अनेक देशी चालींवर बंदी घातली. भात बिनमिठाचा शिजविणेही निषिद्ध ठरले. भाताच्या मिठाबद्दल ज्या समाजाला जाब द्यावा लागे, त्याच्या सर्वांत मोठ्या सणाच्या ताटात नेवरी असावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सारणासाठी सुके खोबरे किसून मंद आचेवर भाजतात. त्यात भाजलेली खसखस व तीळ, पिठीसाखर, काजूचे तुकडे, मनुका, वेलदोडा आणि जायफळ घालतात. जायफळ कोकणात परके नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ या त्याच्या जाती प्रसृत केल्या आहेत. ओल्या नारळाचे गूळ घालून केलेले सारण अधिक रुचकर लागते. परंतु दमट हवेत ते दोनतीन दिवसांतच आंबते. म्हणून साठवणीच्या नेवरीस सुके सारणच योग्य होय.

दोन वाट्या मैद्यास सुमारे पाव वाटी कडकडीत तुपाचे मोहन घालून पीठ घट्ट भिजवितात व ओल्या फडक्याखाली मुरू देतात. पातळ पुरी लाटून अर्ध्या भागावर सारण ठेवतात, कडेला दुधाचे बोट फिरवून घडी घालतात आणि कड कातण्याने कापतात अथवा मुरड घालतात. सर्व कौशल्य या कडेतच आहे. ती उकलली, की सारण कढईत सांडते, साखर जळते व पुढचा सगळा घाणा काळा पडतो. आच प्रखर असल्यास पारीवर फोड येऊन ती आतून कच्ची राहते, फार मंद असल्यास तूप पिते. तळलेल्या नेवऱ्या पूर्ण निवल्यावरच डब्यात भरतात. गरम भरल्यास वाफेने मऊ पडतात.

नाताळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल इ. पदार्थांचे ताट शेजारी वाटतात. त्यास मंगळूरकडे कुस्वार ही संज्ञा आहे. ताट हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते आणि दिवाळीत वा चतुर्थीत त्यांच्या घरून आलेल्या ताटातही बहुधा नेवऱ्याच असतात.