काटा हलला नाही, तरी चालणे थांबवू नका

‘महिनाभरात पाच किलो’ असा संकल्प अनेकजण करतात. भात-पोळी बंद होते, रात्रीचे जेवण सुटते. पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो आणि उत्साह वाढतो. मात्र ही घट मुख्यतः पाण्याची असते. यकृत आणि स्नायूंमधील साखरेच्या साठ्याला, म्हणजे ग्लायकोजेनला, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असते. खाणे एकदम कमी केले की आधी हा साठा आणि त्यासोबतचे पाणी जाते. पुढे काटा अडतो आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणत चालणेही बंद पडते. खरे नुकसान इथे होते.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जण त्यात होते. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातील ५५ जणांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि साखर, मैदा, तेल-तूप कमी करणे यांचा पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९ राहिले. या गटाचे सरासरी वजन मात्र फारसे घटले नव्हते.

असे का होते? चालताना आकुंचन पावणारे स्नायू रक्तातील साखर थेट ओढून घेतात. नंतरही काही तास त्यांच्यावर इन्सुलिनचा परिणाम चांगला होतो. म्हणूनच रविवारी दोन तास चालण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक उपयोगी.

वजनाचा आकडा फसवाही असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. त्यामुळे काट्याबरोबर टेपही हवी. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

सवय लागायला किती दिवस? लंडनमधील एका अभ्यासात साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५० हून अधिक लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. नवी सवय रोजच्या ठरलेल्या कामाला जोडली की ती टिकते: जेवणानंतर ओटा आवरला की पंधरा मिनिटे चालणे, जेवणाची सुरुवात कोशिंबिरीने, चहात अर्धा चमचा साखर कमी. एका वेळी एकच बदल पुरे.

याचा अर्थ वजनाला महत्त्व नाही असा नव्हे. स्थूल व्यक्तीचे गुडघे दुखत असतील किंवा झोपेत श्वास अडत असेल, तर वजन उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मनानेच जेवण टाळू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर आनंद मानण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.

वजन महिन्यातून दोनदा, सकाळी उपाशीपोटी पाहिले तरी पुरते. रोज नोंद ठेवायचीच असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालण्याच्या दिवसांपुढे खूण करावी. महिनाअखेर मोजायच्या त्या खुणाच.