लाकडाच्या गावचा होय

गाव दिसायच्या आधी त्याचा वास आला. गाडीच्या काचा बंद होत्या, बाहेर शून्याखाली बारा अंश थंडी होती, तरी उकडलेल्या कोबीसारखा तो उग्र दर्प आत शिरला आणि मला थेट बल्लारपूरचा कागद कारखाना आठवला. लाकूड गंधकाच्या रसायनांत शिजवून त्याचा लगदा केला, की जगात कुठेही हाच वास सुटतो. "सवय होते गं मावशी," भाची म्हणाली. रस्ता उतरणीला लागला आणि खाली टू माइल फ्लॅटची सपाटी उलगडली. ओंडक्यांच्या चळती, ढलप्यांचे पिवळट डोंगर आणि त्यांच्यावर पांढऱ्या वाफेचे जाड लोट.

हे क्वेनेल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे एक 'एस' आहे, पण तो उच्चारायचा नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरपासून साडेसहाशे किलोमीटरहून दूर, जेमतेम दहा हजार वस्तीचं हे शहर. नकाशात ते प्रांताच्या साधारण मधोमध येतं, पण बहुतेक लोकवस्ती खाली दक्षिणेला एकवटलेली असल्याने इथली माणसं स्वतःला उत्तरेकडचीच समजतात. भाची प्रिन्स जॉर्जला राहते, तिथून दक्षिणेला दीड तासावर हे गाव. माझ्या हातात एकच दिवस होता.

फ्रेझर आणि क्वेनेल या नद्यांच्या संगमावर गाव वसलं आहे. 1808 मध्ये सायमन फ्रेझर इथून नावेने गेला आणि त्याने आपल्या एका सोबत्याचं नाव नदीला दिलं. 1862 मध्ये पूर्वेला ऐंशी किलोमीटरवर बिली बार्करला सोनं लागलं आणि वाळू धुऊन सोन्याचे कण वेचायला जगभरातून माणसं धावली. त्यांचं सामान वाफेच्या बोटींनी क्वेनेलच्या धक्क्यावर उतरू लागलं. बार्कर 1894 मध्ये व्हिक्टोरियात कफल्लक होऊन मेला. गाव अजूनही दर जुलैत त्याच्या नावाने उत्सव भरवतं. 1921 मध्ये रेल्वे इथवर आली आणि पुढची तीस वर्षं इथेच अडकून पडली.

या घाईच्या इतिहासात एक तारीख मात्र मला ओलांडता आली नाही. 26 ऑक्टोबर 1864. आपल्या मुलुखातून जबरदस्तीने रस्ता काढला जातोय आणि गोऱ्यांच्या पाठोपाठ देवीची साथ येतेय, हे पाहून इथल्या चिल्कोटिन आदिवासींनी रस्त्यावरच्या कामगारांवर हल्ला केला होता. त्यांच्या म्होरक्यांना बोलणीसाठी बोलावलं गेलं आणि तिथेच पकडलं गेलं. त्यांतल्या पाच जणांना याच गावात फाशी दिली. प्रांताने त्याबद्दल माफी मागितली ती 2014 मध्ये. ते निर्दोष असल्याचं पंतप्रधानांनी संसदेत जाहीर केलं 2018 मध्ये. दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला.

सोनं संपलं तरी गाव टिकलं ते लाकडावर. 1955 मध्ये सिअ‍ॅटलहून आलेल्या केचम आडनावाच्या तिघा भावांनी इथली फळ्या रंधण्याची एक लहानशी गिरणी विकत घेतली. तिची झाली वेस्ट फ्रेझर, आज जगातल्या सर्वांत मोठ्या लाकूड कंपन्यांपैकी एक. 1972 मध्ये लगद्याचा मोठा कारखाना आला, 1981 मध्ये दुसरा. आरागिरणीत फळ्या कापल्यावर जे ढलपे उरतात त्यांचाच लगदा होतो, म्हणजे एक गिरणी दुसरीला पोसते. त्यामुळेच आरागिरणी बंद पडली की लगदेवाल्यांच्याही पोटात गोळा येतो. 2019 मध्ये टोल्को कंपनीने आपली इथली आरागिरणी कायमची बंद केली.

त्यामागे एक किडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका सरदारजींच्या घरी आम्ही जेवायला गेलो होतो. भाचीच्या सहकाऱ्याचे ते वडील. त्यांनी अंगणातल्या शेडमधून पाइनची एक फळी आणून माझ्या मांडीवर ठेवली. फिक्कट लाकडात निळसर राखाडी पट्टे, शाई सांडून पसरावी तसे. "ये उसका दस्तखत है," ते म्हणाले. किडा सालीखाली शिरतो आणि येताना एक बुरशी घेऊन येतो. तिने झाडाची रस वाहणारी वाट बुजते, पुढच्या उन्हाळ्यात सगळी पानं लाल होतात आणि मग झाड नुसतंच उभं राहतं, करडं. पूर्वी कडाक्याची थंडी या किड्यांना मारायची. हिवाळे ऊबदार झाले, वणवे विझवत राहिल्याने म्हाताऱ्या पाइनची रानंच्या रानं शिल्लक राहिली, आणि नव्वदच्या दशकाअखेरपासून प्रांतातला विक्रीयोग्य लॉजपोल पाइन निम्म्याहून जास्त मेला. मेलेलं लाकूड सडायच्या आत कापायचं म्हणून गिरण्या काही वर्षं रात्रंदिवस चालल्या. नंतर कापायला उरलं कमी. "वो ओव्हरटाइम के साल थे," सरदारजी म्हणाले, "हम समझे नहीं कि हम जंगल का श्राद्ध खा रहे हैं."

दुपारी संग्रहालयात गेलो. तिथे मॅन्डी नावाची भेगाळल्या चेहऱ्याची एक जुनी बाहुली आहे. ती झपाटलेली आहे अशी वदंता असल्याने लांबून आलेले लोक आधी तिच्याचकडे वळतात. मला वाईट वाटलं, कारण मी शोधत होते तो माणूस बाहुलीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

त्याचं नाव चाउ डोंग होय. खरं आडनाव चाउ, पण नावाचा क्रम उलटा लावून कॅनडाने त्याचं आडनाव होय करून टाकलं. आपल्या कानाला तो शब्द होकारासारखा लागतो आणि या माणसाला ते शोभतंही. जन्म 1883, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचा. 1902 मध्ये तो कॅनडात उतरला तेव्हा चिनी माणसाला देशात पाय ठेवायला डोईपट्टी होती 100 डॉलर, पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ती झाली 500. इतर कुठल्याही देशाच्या माणसाला ती नव्हती. त्याने भांडी घासली, स्वयंपाक केला, सोन्याच्या खाणीत राबला, घड्याळं दुरुस्त करायला शिकला आणि 1909 च्या सुमारास, बार्करच्या सोन्यावर उभ्या राहिलेल्या बार्करव्हिलमध्ये, कॅमेरा हाती घेतला. मग क्वेनेलला येऊन दुकान थाटलं आणि सोबत फोटोही काढू लागला.

स्टुडिओ कसला, मागे एक कापड टांगायचं, पुढे खुर्ची किंवा बाकडं. कित्येक फोटोंत कापडाची कड संपते आणि मागची भिंत किंवा जमीन दिसते. पण त्या कापडासमोर कोण बसलंय ते पाहा. डाकेल आदिवासी बायका, चिल्कोटिन घोडेस्वार, चिनी खाणकामगार, गोरे शेतकरी. त्या काळी एका पंगतीला न बसणारे हे लोक होय यांच्या कॅमेऱ्यापुढे एकाच खुर्चीत बसले. ज्या गावाने चिल्कोटिन पुढाऱ्यांना फासावर चढवलं, त्याच गावात पन्नास वर्षांनी चिल्कोटिन माणसं चांगले कपडे घालून, नजर सरळ रोखून फोटो काढून घेत होती. सुमारे 1,500 फोटो आज शिल्लक आहेत, 1909 ते 1920 या काळातले. कित्येकांची नावं आता कुणालाच माहीत नाहीत. होय 1973 पर्यंत जगले, बारा मुलांचं घर उभं केलं आणि गावचे मान्यवर दुकानदार म्हणून गेले.

चिनी कामगार हे फोटो घरी पाठवायचे. आपण धडधाकट आहोत, पोटभर खातो आहोत, एवढंच त्यातून कळवायचं असे. बायकोला इथे आणणं डोईपट्टीमुळे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं, आणि 1923 मध्ये तर चिनी लोकांना येण्याचीच बंदी झाली.

संध्याकाळी फ्रेझरवरच्या जुन्या लाकडी पुलावरून चाललो. आता तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे. गावातल्या सगळ्या वस्तूंत मला हा पूल सर्वांत प्रामाणिक वाटला. ज्यावर गाव जगलं त्याच लाकडाच्या उघड्या कैच्या, त्यांवर बर्फ, आणि खाली संथ वाहणारे बर्फाचे तुकडे. मुख्य रस्त्यावरची दोन दुकानं बंद दिसली, काचांना आतून कागद लावलेले.

निघताना सरदारजींकडे चहाला थांबलो. मी त्यांना होय यांच्याबद्दल सांगत होते तेव्हा ते मधेच उठले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत 1973 च्या हिवाळ्यातले तीन फोटो. तेव्हा ते आणि त्यांचे दोन मित्र ग्रीन चेनवर होते, साखळीवरून सरकत येणाऱ्या ओल्या, जड फळ्या ओढून मापाप्रमाणे रचायच्या, आठ तास. पहिला पगार झाल्यावर तिघांनी घरी पाठवायला गिरणीच्या फाटकाशी फोटो काढले, प्रत्येकाचा वेगळा. मी ते शेजारी शेजारी ठेवले. तीन तरुण, तीन पगड्या, मागे ओंडक्यांची तीच चळत, आणि तिघांच्याही अंगात लोकरी कॉलरचा, डाव्या बाहीवर ठिगळ असलेला एकच कोट.

"माँ को लगना चाहिए था कि बेटे को ठंड नहीं लगती," ते म्हणाले आणि फोटो पुन्हा डब्यात ठेवू लागले.