बीपी चढलेलं, तरी चक्कर कशी?

राजगडावर पद्मावती माचीपर्यंत हसतखेळत आलेली माणसं बालेकिल्ल्याच्या चढणीवर एकदम गप्प होतात. कातळातल्या उभ्या पायऱ्या, हाताला लोखंडी कठडा आणि पाठीशी दरी. सुट्टीच्या दिवशी इथे रांग लागते, आणि त्या रांगेत एखादा धडधाकट तरुण मध्येच थिजतो. कठड्याला मिठी मारतो. चेहरा पांढराफटक, दरदरून घाम, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. "मला काहीतरी होतंय," एवढंच कसंबसं बोलतो. मागून सल्ले सुरू होतात. "बीपी लो झालं असेल, मीठ-साखरेचं पाणी द्या." "उंचीवर ऑक्सिजन कमी असतो ना!"

दोन्ही निदानं बहुतेक वेळा चुकीची. वेल्हे तालुक्यातला (सरकारदरबारी आता राजगड तालुका) सर्वांत उंच गड तोरणा, १४०३ मीटर. राजगड त्याहून थोडा बुटका. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो खरा, पण विरळ हवेचा आजार बहुधा अडीच हजार मीटरच्या पुढे गाठतो. आणि बीपी? त्या क्षणी दंडाला पट्टा बांधला, तर आकडा बहुधा चढलेलाच दिसेल.

हा घबराटीचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक. मेंदूतला अमिग्डाला धोक्याची वर्दी देतो आणि सेकंदभरात मज्जातंतूंचा निरोप हृदयापर्यंत पोचतो. पाठोपाठ मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. मिनिटाला ७०-७५ असलेले ठोके १२०-१३० वर जातात. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून चेहरा पांढरा आणि बोटं गार. आतड्यांचा पुरवठा आखडतो, म्हणून पोटात गोळा. तोंडाला कोरड, कारण जेवण पचवण्याची ही वेळ नव्हे. उलट मांड्या-पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात. पळायचं तर रक्त तिथेच हवं! त्यामुळेच बीपीचा वरचा आकडा वीस-तीस अंकांनी, कधी त्याहूनही जास्त चढतो, पण खालचा अनेकदा फारसा हलत नाही. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी लढा किंवा पळा अशी ही सारी तयारी १९१५ साली पुस्तकरूपाने मांडली, तीही बरीचशी मांजरांवरच्या प्रयोगांतून.

यातली एक गोष्ट मला फार थक्क करते. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाब मोजणारी मज्जातंतूंची टोकं असतात. एरवी दाब वाढला की ती लगेच मेंदूला कळवतात आणि हृदयाला लगाम बसतो. भीतीच्या वेळी मात्र मेंदू मापच बदलून टाकतो: आत्तापुरता १५० म्हणजे ठीक, लगाम नको. म्हणजे ही यंत्रणा बिघडलेली नसते. तिने हुकूम पाळलेला असतो.

मग दाब भरपूर असताना डोळ्यांपुढे अंधारी का येते? याचं उत्तर श्वासात आहे. त्याच चढणीवर ताकाची किटली घेऊन सराईतपणे वर जाणाऱ्या गावकऱ्याची छातीही जोरात हलत असते, पण त्याचे स्नायू काम करतात आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात. जेवढा तयार होतो, तेवढा श्वासावाटे बाहेर पडतो. हिशेब जुळतो. थिजलेला तरुण मात्र जागचा हलत नाही आणि श्वास घेतो धावणाऱ्याचा. जमा काहीच नाही, खर्च दुप्पट. रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने घटतो, आणि हाच वायू मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवत असतो. तो घटला की त्या आकसतात. मेंदूकडे जाणारं रक्त एक तृतीयांशाने, कधी त्याहूनही अधिक कमी होऊ शकतं. पंप जोरात, पण शेवटच्या नळ्या बारीक! त्याच वेळी रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि मज्जातंतू चिडखोर बनतात. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. काहींची बोटं तर चोचीसारखी आखडतात. बघणाऱ्याला वाटतं, झटका आला.

आणि गंमत म्हणजे, श्वास पुरत नाही असं वाटणाऱ्या त्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन काठोकाठ असतो.

म्हणून "जोरजोरात श्वास घे" हा सल्ला आगीत तेल ओततो. श्वास हळू सोडायचा असतो. सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की बरेचदा धडधड उतरू लागते. पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि प्राणायामात किती ऑक्सिजन आत जातो, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे उपकरणांनी मोजायला घेतलं. नाकावर बोट ठेवून बसलेल्या साधकाचा श्वास प्रयोगशाळेत तपासायचा, ही त्या काळी धाडसाची कल्पना होती. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय मात्र आता डॉक्टर देत नाहीत. त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसांचा निघाला, तर तो जिवावर बेततो.

आणि ही शक्यता विसरून चालत नाही. छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, वय झालेलं किंवा मधुमेह असेल, तर गडावर बसून तर्क लढवू नयेत. १०८ ला फोन आणि ईसीजी. नुसत्या लक्षणांवरून दोहोंतला फरक अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

चढलेल्या आकड्याचं भय मात्र अनेकांना उगाच छळतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतला दाब थेट मोजला होता. दोन्ही पायांनी वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. १९८५ साली हे निष्कर्ष छापून आले. निरोगी रक्तवाहिन्या क्षणभराची उसळी सोसतात. उच्च रक्तदाबाचा आजार ठरतो तो शांत बसलेलं असताना, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मापांवरून. झटका चालू असताना दर पाच मिनिटांनी मशीन लावणारे त्या आकड्यालाच घाबरतात आणि पुढचा आकडा आणखी वर जातो. झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर औषध आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

भीतीच्या या साऱ्या पसाऱ्यात एक प्रकार मात्र उलटा वागतो. गुडघा फुटलेला पाहून किंवा सुई टोचताना ज्यांना भोवळ येते, त्यांचा दाब आधी थोडा चढतो आणि मग धाडकन कोसळतो, ठोकेही मंदावतात. इथे माणूस खरोखर बेशुद्ध पडतो. अशांना अंग सैल सोडायला सांगून उपयोग नाही. त्यांना दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायला शिकवतात, म्हणजे दाब वर येतो आणि ते पडत नाहीत.